जिल्ह्याचा अंदाज, शिवाराचं आभाळ

'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस पडण्याची शक्यता.' मे ते ऑक्टोबर हे वाक्य महाराष्ट्रात इतक्या वेळा कानावर पडतं की त्याचा अर्थ विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. तो विचारावा असाच आहे. हवामान खात्याच्या परिभाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी पर्जन्यमापकांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५०, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के, आणि त्यापुढे 'बहुतेक ठिकाणी'. 'हलका' पाऊस २.५ ते १५.५ मिलिमीटर, 'मध्यम' १५.६ ते ६४.४. आता हे सगळं एकत्र मांडून बघा. शंभरातल्या पंचाहत्तर ठिकाणी बहुधा काहीच पडणार नाही, आणि उरलेल्या पंचवीस ठिकाणी अडीचपासून चौसष्ट मिलिमीटरपर्यंत काहीही पडेल. अडीच मिलिमीटरने धूळ बसते. साठ मिलिमीटर तासाभरात पडला तर ओढ्याला पाणी येतं आणि काढून वावरात टाकलेला कांदा संपतो. एकाच वाक्यात दोन्ही बसलं.

गंमत म्हणजे हा अंदाज सहसा चुकत नाही. पाच-सात मंडळांत पाऊस झाला, दोन ठिकाणी वीज कडाडली, की खात्याच्या हिशेबाने तो खरा ठरला. ज्याच्या रानात टिपूस पडला नाही त्याच्या हिशेबाने खोटा. दोघंही खरंच बोलतात. भांडण अचूकतेचं वाटतं, पण मुळात ते मापाचं आहे. अंदाज जिल्ह्याच्या मापाने दिला जातो, पाऊस शिवाराच्या मापाने पडतो. मधलं अंतर आणखी एक ॲप काढून भरेल असं मला वाटत नाही. शेवटच्या दोन-तीन तासांचा अंदाज गावाने आभाळ बघूनच करायचा असतो. तो करायला शिकवणं आणि गावातला पाऊस गावात मोजणं ही सार्वजनिक कामं आहेत, आणि नेमकी तीच आपण वाऱ्यावर सोडली आहेत.

जिल्हा हे पावसाचं माप का नाही, ते सातारा जिल्ह्यात उघड दिसतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पसरणी घाट उतरून वाईला आलं की त्याचा पाव हिस्साही उरत नाही. तिथून पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. म्हणजे सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरमध्ये पाऊस दहापटींहून अधिक घटतो, आणि खात्याच्या इशाऱ्यांच्या नकाशावर या सगळ्याला एकच पिवळा, म्हणजे 'लक्ष ठेवा' असा, रंग दिला जायचा. अलीकडे खातं सातारा घाट, पुणे घाट, कोल्हापूर घाट असे वेगळे इशारे देऊ लागलं आहे. चांगलं पाऊल आहे, फार आधी पडायला हवं होतं. पण घाट वेगळा काढला तरी खाली उरलेला सपाटीचा प्रदेशही एकजिनसी नाही. आणि डोंगरच हवा असंही नाही. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३ च्या आसपास.

यंत्रं सुधारत आहेत, हे मान्यच. २६ मे २०२५ पासून खात्याचं नवं प्रारूप, म्हणजे अंदाजाचं संगणकी मॉडेल, सहा किलोमीटरच्या चौकटींवर गणित करतं. आधीचं बारा किलोमीटरचं होतं. पण सहा किलोमीटरची चौकट म्हणजे सहा किलोमीटरचा अंदाज, ही समजूत चुकीची. एखादी गोष्ट प्रारूपाला नीट 'दिसायला' तिच्या रुंदीत सहा-आठ चौकटी तरी बसाव्या लागतात. म्हणजे खरी नजर पस्तीस-चाळीस किलोमीटरची, साधारण तालुक्याएवढी. वळवाचा एक ढग पाच-दहा किलोमीटरचा. तो जाळ्यातून मासोळीसारखा निसटतो. रडारचंही तसंच. त्याचा झोत जमिनीपासून अर्धा अंश वर धरलेला असतो आणि पृथ्वी खाली वळत जाते, त्यामुळे शंभर किलोमीटरवर तो जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर आणि दोनशे किलोमीटरवर चारेक किलोमीटर उंचीवर असतो. पावसाळ्यातल्या उथळ ढगांचा बराचसा भाग त्याच्या खालीच राहतो. मध्ये सह्याद्री आडवा आला तर पलीकडचं दिसणं आणखी कठीण.

म्हणून आभाळ. राशिमेघ, स्तरमेघ, तंतुमेघ ही नावं मुलं शाळेच्या भूगोलात पाठ करतात, दोन मार्क मिळवतात आणि पुन्हा कधी वर बघत नाहीत. लूक हॉवर्ड नावाच्या लंडनच्या औषधविक्रेत्याने १८०२ मध्ये ढगांना लॅटिन नावं दिली, त्यांवरूनच आजचे दहा मुख्य प्रकार झाले. नावं माहीत नसली तरी चालेल. ढग काय करतो आहे ते ओळखता आलं पाहिजे.

एप्रिल-मेमधला किंवा ऑक्टोबरातला वळवाचा दिवस घ्या. पहिली खूण सकाळी आठ-नऊलाच मिळते. मधल्या उंचीवर ढगांची एक पट्टी असते, तळ सपाट, आणि त्यावर किल्ल्याच्या तटावरच्या बुरुजांसारखे छोटे छोटे कंगोरे उठलेले. शास्त्रात त्याला अल्टोक्युम्युलस कॅस्टेलेनस म्हणतात. त्या उंचीवरची हवा अस्थिर असल्याचा तो पुरावा. दहापर्यंत हे बुरूज विरून जातात, आभाळ स्वच्छ दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. चूक इथेच होते. खालून तापलेली हवा दुपारी तिथवर पोचली की तिला अडवायला वर काही उरलेलं नसतं.

दुसरी खूण अकरा ते एकच्या दरम्यान. कापसाच्या पुंजक्यांसारखे राशिमेघ तयार होतात. त्यांची रुंदी आणि उंची डोळ्याने ताडून बघायची. उंचीपेक्षा रुंदी जास्त असेल आणि तीन वाजेपर्यंत तशीच राहिली, तर त्या दिवशी बहुधा काही होत नाही. उंची रुंदीच्या पुढे गेली आणि माथा फुलकोबीसारखा गच्च, कडेला सुरीने कापल्यासारखा स्पष्ट दिसू लागला, तर ढग जोरात वाढतो आहे. कडा स्पष्ट आहे तोवर वर पाण्याचे थेंब आहेत. मग कधीतरी माथ्याची कडा पुसट होते, पिंजलेल्या कापसासारखी तंतुमय दिसते. वरचं पाणी बर्फ होऊ लागलं. इथून पुढे साधारण अर्ध्या तासाच्या आत त्या ढगाखाली पाऊस आणि वीज धरून चालायचं. शिवारात काही झाकायचं असेल तर ते फुलकोबी दिसल्यावर झाकायला घ्यावं. माथा पसरून ऐरणीसारखा सपाट झाल्यावर धावाधाव करणाऱ्याच्या हातात फार वेळ नसतो.

ऐरणीचं टोक ज्या दिशेला लांबलं आहे त्या दिशेला वरचा वारा वाहतो, आणि ढगाचा ओढा बहुतेक वेळा तिकडेच असतो. बहुतेक वेळा, नेहमी नव्हे. एका ढगाचं आयुष्य अर्धा ते एक तास. तो मरताना खाली थंड हवा ओततो, ती हवा जमिनीवरून पसरते आणि शेजारच्या गरम हवेला उचलून नवा ढग उभा करते. म्हणून 'तिकडेच पडून गेला' म्हणत माणूस हुश्श करतो, आणि तासाभराने भलत्याच बाजूने आभाळ भरून येतं. जवळची, भरवशाची खूण वाऱ्याची आहे. इतका वेळ ढगाकडे ओढला जाणारा वारा अचानक पडतो, पान हलत नाही, आणि मग ढगाच्या बाजूनेच गार झोत मातीचा वास घेऊन येतो. इथून पाऊस काही मिनिटांवर.

विजेसाठी यापेक्षा साधा हिशेब आहे. चमक दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. वीज तेवढ्या किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, म्हणजे दहा किलोमीटरच्या आत, की काम टाकून पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं आणि ते वापरावंच. पण रानात काम करणाऱ्याचा फोन बांधावरच्या झाडाला टांगलेल्या पिशवीत असतो, आणि पाऊस आला की तो त्याच झाडाखाली जातो. देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं विजेने मरतात, त्यांत शेतात काम करणारेच पुष्कळ.

आता ढगाचा तळ. याकडे कुणी बघत नाही, आणि मराठवाडा-खानदेशाला सर्वांत उपयोगाची माहिती तिथेच आहे. दुपारच्या राशिमेघाचा तळ किती उंच, हे साध्या गुणाकाराने कळतं: तापमानातून दवबिंदू वजा करा आणि १२५ ने गुणा, उत्तर मीटरमध्ये. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो आकडा; बहुतेक हवामानाच्या ॲपवर तो मिळतो. एप्रिलच्या दुपारी तापमान ४० आणि दवबिंदू १६ असेल तर फरक २४, तळ तीन हजार मीटरवर. कोकणात जुलैमध्ये २८ आणि २५ असेल तर तळ पावणेचारशे मीटर, म्हणजे डोंगराच्या कमरेला. तीन हजार मीटरवरून निघालेला थेंब कोरड्या हवेतून येता येता वाटेतच सुकतो. ढगाखाली करड्या झिरमिळ्या लोंबताना दिसतात आणि जमिनीच्या बऱ्याच वर विरून जातात. लोक म्हणतात, 'हूल दिली.' पण ते पाणी सुकताना हवेतली उष्णता घेतं, हवा थंड होऊन जड होते आणि खाली आदळते. म्हणजे पाऊस नाही, पण वारा भयंकर. जळगाव-रावेरकडे केळीच्या बागा झोपवतो तो वारा कित्येकदा असाच असतो. लोंबत्या झिरमिळ्या दिसल्या तर पावसाची नव्हे, वाऱ्याची तयारी करायची: पत्रे, शेडनेट, टेकू. 'हलका पाऊस' एवढ्याच शब्दांवर विसंबलेला माणूस ताडपत्री टाकून बसतो आणि वारा ती ताडपत्रीच घेऊन जातो.

पावसाळा सुरू झाला की हे नियम बऱ्याच अंशी उलटतात. आभाळवाचन शिकवायचं तर हे आधी सांगायला हवं. वळवाच्या सवयीने माणूस गडगडाटाची वाट बघतो. गडगडत नाही म्हणजे जोर नाही असं धरतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलैत पडणारा पुष्कळसा पाऊस उथळ ढगांतून येतो. त्यांचे माथे बर्फ होण्याच्या उंचीपर्यंत, म्हणजे पाचेक किलोमीटरपर्यंत, कसेबसे पोचतात किंवा पोचतच नाहीत. ढगातला विद्युतभार बर्फाच्या कणांच्या घासाघाशीतून तयार होतो. बर्फच नाही तर वीज कुठून येणार? तिथे थेंबावर थेंब आपटून मोठे होतात आणि आवाज न करता दिवसभर कोसळतात. करड्या, एकसलग आभाळाखाली फाटक्या चिंध्यांसारखे काळे ढग पश्चिमेकडून वेगाने धावताना दिसले, तर ती झड लागल्याची खूण. घाटाखालच्या वाडीने त्या दिवशी गडगडाटाची वाट बघू नये. ओढ्याचं पाणी गढूळ झालं का, डोंगराच्या उतारावर नवी भेग दिसते का, तिकडे लक्ष ठेवावं.

घाटाच्या पूर्वेला दुसरंच दुखणं. बारामती, फलटण, कर्जत, जामखेड या पट्ट्यात जून-जुलैत दिवसेंदिवस ढग येतात आणि डोक्यावरून निघून जातात. 'एवढं आभाळ आलं, पाऊस का नाही?' या प्रश्नाचं उत्तर ढगाच्या जाडीत आहे. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले सुमारे दहा लाख सूक्ष्म थेंब एकत्र यावे लागतात, आणि त्यासाठी ढगात खोली लागते. सह्याद्री चढताना बरंचसं पाणी सांडून आलेली हवा पलीकडे उतरते, उतरताना तापते आणि ढग पातळ पडतो. लादीसारखे पसरलेले, मध्ये मध्ये उजेडाच्या फटी असलेले हे ढग कितीही काळे दिसोत, भुरभुरीपलीकडे फारसं काही देत नाहीत. त्यांच्याकडे बघून पेरणी करू नये. या भागात जोराचा पाऊस बहुधा वारा फिरल्यावर येतो. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र विदर्भ-मराठवाड्याकडे सरकलं की खालचे ढग पश्चिमेऐवजी पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येऊ लागतात. 'वारा फिरला' असं जुने शेतकरी म्हणतात, आणि हे त्यांचं निरीक्षण शास्त्राच्या कसोटीला उतरतं.

तसंच आणखी एक, सहज दिसणारं. मोसमी वारा पक्का बसला की आभाळात दोन मजले उलट दिशांना चालतात. खालचे ढग पश्चिमेकडून पूर्वेला, आणि चौदा-सोळा किलोमीटरवरच्या पूर्वेच्या वेगवान वाऱ्यातले पिसांसारखे तंतुमेघ पूर्वेकडून पश्चिमेला. हे दिसत नसेल, पाऊस फक्त दुपारनंतर आणि गडगडाटासह येत असेल, सकाळचं आभाळ मोकळं असेल, तर मृग लागलेलं असो की आर्द्रा, तो वळीवच. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचल्याची घोषणा झाली, आणि नंतर जूनच्या मध्यापर्यंत त्याची पुढची चाल थांबली. घोषणा खोटी नव्हती. पण ती ऐकून ज्याने विदर्भात किंवा मराठवाड्यात तिफण काढली असेल, त्याचं बियाणं कोरड्या मातीत पडून राहण्याचा धोका होता. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी खात्याचा सल्ला जुनाच आहे. पण आपल्या शिवारात किती मिलिमीटर झाला हे किती गावं सांगू शकतात?

परंपरेचं सगळंच टाकाऊ नाही आणि सगळंच घेण्यासारखंही नाही. पंचांगातलं नक्षत्राचं वाहन, यंदा बेडूक की गाढव, हे गणिताने ठरतं. आभाळाशी त्याचा संबंध नाही. चंद्राला खळं पडलं की पाऊस येणार, यात मात्र अर्धं तथ्य आहे. खळी दोन प्रकारची असतात. हात लांब करून वीत पसरली की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जेवढं अंतर भरतं, साधारण तेवढी ज्याची त्रिज्या, ते मोठं खळं उंचावरच्या बर्फाच्या षटकोनी स्फटिकांमुळे पडतं. चंद्राला चिकटून दिसणारं छोटं, रंगीत वलय पातळ ढगातल्या पाण्याच्या थेंबांमुळे. युरोपात मोठ्या खळ्यानंतर दिवसभरात पाऊस येण्याचा संभव बराच असतो, कारण तिकडे उंच पातळ ढगामागून पावसाचा पट्टा चालत येतो. आपल्याकडे जूनमध्ये तो पातळ पडदा पुष्कळदा दूरवरच्या गडगडाटी ढगाच्या ऐरणीचा वाहून आलेला तुकडा असतो. पाऊस झाला, पण तिकडे. म्हणून नुसतं खळं बघून काही ठरवू नये. पुढच्या सकाळी बुरूज दिसतात का, ते बघावं.

हीच ऐरण मोबाइलवरही फसवते. उपग्रहाचं चित्र गटागटांवर फिरतं, महाराष्ट्रावर पांढराशुभ्र डाग असतो आणि खाली 'सावधान' लिहिलेलं. अवरक्त (इन्फ्रारेड) चित्रात पांढरं दिसतं ते थंड, म्हणजे उंच. पावसाचा ढग विरून गेल्यावरही त्याचा वरचा पसारा तासन्‌तास पांढरा दिसत राहतो, खाली ठणठणीत कोरडं. आणि घाटात कोसळणारा उथळ ढग त्याच चित्रात मळकट करडा दिसतो, कुणी त्याच्याकडे बघतही नाही.

समाजमाध्यमांवरच्या अंदाजकर्त्यांवर माझा राग नाही. खातं जे बोलत नाही ते हे लोक बोलतात: तालुक्याचं नाव घेतात, तारीख घेतात, 'कांदा झाकून घ्या' म्हणतात. शेतकऱ्याच्या भाषेत बोलण्याची ती कला खात्याने शिकावी. आक्षेप हिशेबाचा आहे. पाऊस येणार म्हटलं तेव्हा किती वेळा आला, किती वेळा हूल ठरली, आणि आला तेव्हा किती वेळा कुणी सांगितलंच नव्हतं, हे तीन आकडे कुणी गावासमोर ठेवत नाही. 'आमचे नव्वद टक्के अंदाज बरोबर' या दाव्याला अर्थ नसतो. महाबळेश्वरला जुलैत रोज 'पाऊस येईल' म्हणणारा पोपटही नव्वदच्या पुढे जाईल. ऑक्टोबरात माणला तो किती बरोबर ठरतो, ते विचारावं. खातं स्वतःच्या अंदाजांची पडताळणी करतं, पण ती अहवालांत राहते. मागच्या आठवड्यात तुमच्या तालुक्यासाठी काय सांगितलं आणि काय झालं, हे दर सोमवारी मराठीत, ज्या जागी अंदाज दिला त्याच जागी छापलं, तर चर्चा बरीच ताळ्यावर येईल.

टक्क्यांचंही तसंच. 'शक्यता आहे' या दोन शब्दांवर कुणाला निर्णय घेता येत नाही, आकड्यावर येतो. समजा काढलेलं सोयाबीन झाकायला मजुरीसकट दीड हजार रुपये लागतात आणि भिजलं तर तीस हजारांचं नुकसान. दीड हजार भागिले तीस हजार, म्हणजे पाच टक्के. पावसाची शक्यता पाच टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर झाकणं परवडतं. तासगावच्या बेदाण्याच्या शेडवर पडदे सोडायचे की नाही, हाही याच जातीचा हिशेब. शेजारच्या द्राक्षबागेत मात्र डावणीची फवारणी करायची आहे. फवारा धुवून गेला तर फवारणीचे पैसे जातील, आणि थांबलं तर रोग पसरेल. त्याचा उंबरठा पन्नास टक्क्यांच्या आसपासही असू शकतो. तीस टक्के हा एकच आकडा एकाला 'झाक' सांगतो, दुसऱ्याला 'फवार'. पिवळा रंग दोघांनाही फक्त 'लक्ष ठेवा' म्हणतो.

एक आक्षेप रास्त आहे. लोकांना ढग वाचायला शिकवलं तर ते स्वतःला शहाणे समजून इशारे धुडकावतील. धोका खरा आहे, म्हणून नियम एकतर्फी ठेवावा: आभाळ बघून सावधगिरी वाढवायची, कमी करायची नाही. इशारा नाही पण फुलकोबी उभी आहे, तर आभाळाचं ऐका. इशारा आहे आणि वर लख्ख ऊन आहे, तर इशाऱ्याचं ऐका. पुराच्या बाबतीत तर डोक्यावरच्या आभाळाला किंमतच नाही. सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णा चढते ती वर, कोयनेच्या आणि कृष्णेच्या पाणलोटात, काय पडलं यावर. रात्री, दाट धुरकटात आणि पावसाळ्याच्या एकसलग आभाळात दडलेला मोठा ढग डोळ्याला दिसत नाही, तिथे रडारच बघावा. आणि उद्याचं कुणी ढग बघून सांगत असेल तर त्याला नमस्कार करून पुढे जावं.

खरी अडचण माणसांची आहे. कृषी विज्ञान केंद्रांमधून चालणारी, शेतकऱ्यांना हवामानावरून पीकसल्ला देणारी जिल्हा कृषी हवामान केंद्रं, देशभरातली १९९, २०२४ च्या सुरुवातीला बंद करण्याचा आदेश निघाला. स्वयंचलित केंद्रांमुळे निरीक्षकाची गरज उरली नाही, असा त्यामागचा सूर होता. निरीक्षण यंत्र करेल, पण 'हलका ते मध्यम' याचा हरभऱ्यासाठी काय अर्थ, हे यंत्र सांगत नाही. शिवाय यंत्रालाही माणूस लागतो. महाराष्ट्रात महसूल मंडळाला एक स्वयंचलित केंद्र, आणि एका मंडळात पंधरा-वीस गावं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी, आणि मग नुकसानभरपाईचा प्रश्न. हा निकाल देणारं मापक कुंभारमाशीने चिखल भरल्यामुळे अडकलं, किंवा दाट झाडाजवळ बसवलेलं असलं, तर वीस गावांच्या तोंडचं पाणी पळतं. पाऊस फार जोराचा असेल तेव्हा आतली डोलणारी वाटी उलटता उलटताच थोडं पाणी निसटतं आणि आकडा कमी लागतो, ही त्या यंत्राची जन्मजात खोड. शेजारी एक साधं हाताने वाचायचं मापक असलं तर निदान तुलना होते. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि कोणतं पीक परवडेल ते त्यावर ठरवतं. मोजमापाने गावाचे निर्णय कसे बदलतात याचं ते जुनं उदाहरण.

तेव्हा प्रत्येक ग्रामपंचायतीत एक मापक आणि एक फळा असावा, आणि तो सांभाळायला गावातली शाळा. मापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं असेल तर जमलेल्या दर २० मिलिलिटर पाण्याला एक मिलिमीटर पाऊस. दहा सेंटिमीटर व्यासाचं सरळ भिंतींचं भांडं वापरलं तर ७.८५ मिलिलिटरला एक. तोंडाची कड जमिनीपासून तीस सेंटिमीटर वर, आणि झाड किंवा भिंत जेवढी उंच त्याच्या दुप्पट तरी अंतरावर. म्हणून पंचायतीच्या गच्चीवर ठेवू नये. तिथे वाऱ्याने पाऊस तिरका जातो आणि आकडा कमी लागतो. नरसाळ्यात पान अडकलेलं नाही ना, ते रोज बघावं. वेळ सकाळी साडेआठची, सगळ्या देशाची तीच. काल संध्याकाळी पडलेला पाऊस त्यामुळे आजच्या तारखेला लागतो, आणि विम्याच्या अर्जात तारखेचा घोळ बहुधा इथेच होतो. फळ्यावर तारखेशेजारी 'सकाळी साडेआठपर्यंतचे चोवीस तास' असं लिहूनच ठेवावं. खालच्या ओळीत कालचा अंदाज आणि काल दुपारी बाराला मुलांनी काय ढग बघितले ते. रविवारी कुणी मोजायला गेलं नाही, तर सोमवारच्या आकड्यापुढे 'दोन दिवसांचा मिळून' लिहायचं. रविवारच्या रकान्यात शून्य लिहायचं नाही, तो कोरा सोडायचा.